रॅकूनचे शैक्षणिक उद्दिष्ट

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी चॅनल १९च्या मागच्या दाराचे कुलूप उघडत असे. सहा त्रेचाळीसला नियंत्रणकक्षातला दिवा लागे. सहा पंचेचाळीसला मी कॉफीच्या यंत्राची कळ दाबत असे आणि सहा सत्तेचाळीसला ते यंत्र फेब्रुवारीपासून बिघडलेले आहे हे मला आठवत असे. सहा पन्नासला पहिली फीत यंत्रात सरकवून तिची सुरुवात जुळवायची, सातला दहा सेकंद कमी असताना बोट बटणावर टेकवायचे आणि श्वास रोखायचा. बरोबर सात वाजता कोल्टन मिल्स गावातली आणि आसपासच्या दोन काउंटींमधली मुले रात्रीच्याच कपड्यांत गालिच्यावर मांडी ठोकून बसत, आणि पडद्यावर कार्टूनमधला एक रॅकून कचऱ्याच्या डब्यात डोक्यावर पडे. तेथून पुढे चार तास ओहायोच्या या कोपऱ्यातल्या आईवडिलांना झोपू देण्याची जबाबदारी माझी असे.

एवढ्यावरून वाचकांनी मला केवळ फिती लावणारा माणूस समजू नये. ती माझी उपजीविका होती. पिंड माझा गुप्तहेराचा. माझी नजर ससाण्याची, स्मरणशक्ती हत्तीची आणि ऐकण्याची शक्ती दगडाची आहे. यांपैकी शेवटचे निरीक्षण माझे नसून माझ्या पूर्वपत्नीचे आहे. तिने ते घटस्फोटाच्या अर्जात नोंदवले होते. हेरगिरीचे रीतसर शिक्षण मी टपालाने घेतले आहे. अभ्यासक्रम बारा धड्यांचा होता. त्यांतला नववा धडा वाटेतच हरवला. दुर्दैवाने तो हरवलेल्या वस्तूंच्या शोधाविषयी होता, त्यामुळे तो कसा शोधावा हे मला कधीच कळले नाही. तरीही स्टुडिओतल्या हवामानाच्या नकाशावरून ईरी सरोवर नाहीसे झाले तेव्हा ते मीच शोधून काढले. ते माझ्याच बुटाला चिकटले होते.

१९९२ सालच्या मे महिन्यात मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि कार्टूनचा शनिवारचा पट्टा तेवीस वर्षे चालवीत होतो. मी कामाला लागलो तेव्हा या पट्ट्याचा भरभराटीचा काळ होता. मुले सीरिअल खात खात सीरिअल पाहत, आणि खाण्याच्या सीरिअलचे कारखानदार पाहण्याच्या सीरिअलसाठी रांगा लावीत. मुलांची पत्रे गोणीतून येत. एका मुलीने दात पडल्यावर तो दात नेऊन पैसे ठेवणाऱ्या परीसाठी उशीखाली न ठेवता आम्हाला पाठवला होता, कारण तो कार्टून पाहतानाच पडला होता. मग केबल आली, आणि तिच्यावर मुलांसाठी दिवसभर चालणारी वाहिनी आली. मग फीत भाड्याने मिळू लागली. ज्या गोष्टीची सहा दिवस वाट पाहायची ती मंगळवारी चार वाजताही दिसू लागली. गोणीची पिशवी झाली, पिशवीचे पाकीट. एका मोठ्या नेटवर्कने तर त्याच वर्षी शनिवारची कार्टून काढून टाकून बातम्या देण्याचे जाहीर केले. पुढे बावीस वर्षांनी असा शेवटचा पट्टाही बंद झाला, तेव्हा त्याची बातमी मी शनिवारी सकाळीच टीव्हीवर पाहिली.

या पडत्या काळात वॉशिंग्टनने नवा कायदा केला. परवाना हवा असेल तर प्रत्येक वाहिनीने मुलांना शिकवणारे काही दाखवले पाहिजे, आणि काय दाखवले, त्यातून काय शिकवले, याचा अहवाल दर तीन महिन्यांनी सार्वजनिक फाइलमध्ये ठेवला पाहिजे. आमची वाहिनी कार्टूनखेरीज मुलांसाठी काहीच दाखवत नव्हती. तेव्हा प्रत्येक कार्टूनमध्ये दडलेले शिक्षण हुडकून काढण्यासाठी साहजिकच एका गुप्तहेराची गरज पडली.

मी ते हुडकले. ‘रॅकून रोलँड’ या मालिकेत एक रॅकून, रात्री कचरा हुंगत फिरणारा आमच्याकडचा प्राणी, एका निवृत्त कर्नलच्या कचऱ्याच्या डब्यावर रोज छापा घालतो. मी लिहिले, “शैक्षणिक उद्दिष्ट: कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयी जाणीव.” ‘सार्जंट बटाटा’मध्ये बटाट्यांचे सैन्य गाजरांवर तोफा डागते. “उद्दिष्ट: भाज्यांविषयी आवड.” ‘अंतराळातले न्हावी’विषयी मी लिहिले, “खगोलशास्त्र आणि वैयक्तिक स्वच्छता.” आजही मला वाटते की माझ्या आयुष्यातले सर्वांत निर्मळ काल्पनिक लेखन ते हेच. खाली “ऑ. स्टोल्झ, बाल-कार्यक्रम समन्वयक” अशी सही केली की मला आपण विद्यापीठात शिकवतो असे वाटत असे.

ही सार्वजनिक फाइल म्हणजे आमच्याकडची एक अजब सोय आहे. रस्त्यावरून येणारा कोणीही माणूस वाहिनीच्या कचेरीत शिरून ती मागू शकतो. कारण सांगावे लागत नाही. आमची फाइल स्वागतकक्षात ग्लेनिस प्यू हिच्या ताब्यात असे. ग्लेनिस एकोणीस वर्षे त्या टेबलामागे बसत होती आणि कोल्टन मिल्समध्ये तिला न ठाऊक असलेली गोष्ट अजून घडलेली नव्हती. कायदा आला तेव्हा मी तिच्यासाठी खास परिपत्रक काढले होते. त्यात म्हटले होते, “फाइल कोणी मागितली हे विचारू नये, नोंदवू नये, व कोणालाही, अगदी कोणालाही, सांगू नये.” ‘अगदी’खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

मेमोरियल डेच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी आमचा व्यवस्थापक बर्ट कोव्हालिक माझ्या खोलीत आला. त्याच्या हातात फाइलमधले दोन अहवाल होते.

“ऑर्व्हिल, हे काय आहे?”

“तिमाही अहवाल.”

“ते मलाही वाचता येतं. कडेला काय आहे?”

कडेला पेन्सिलीने लिहिले होते. अक्षर गोल, टपोरे, एका ओळीत चालणारे. रोलँडसमोर शेरा होता, “कचरा उचलला कोणी? पुरावा?” सार्जंट बटाट्यासमोर, “गाजरे मेली. आवड कशी वाढेल?” न्हाव्यांसमोर, “एकही तारा दिसला नाही. दाढीही अर्धवट.” आणि तळाशी, वर्तुळात, “श्रेणी: सी मायनस. कल्पनाशक्ती चांगली, प्रामाणिकपणा कमी. मला भेट.”

“मला भेट,” बर्टने मोठ्याने वाचले. “याचा अर्थ काय? भेटायचंय की द्यायचीय?”

“दोन्ही शक्य आहेत,” मी गंभीरपणे म्हणालो. “पहिल्या अर्थी धमकी. दुसऱ्या अर्थी लाच. बर्ट, हा कसलेला माणूस आहे. त्याने एका शब्दात दोन गुन्हे बसवलेत.”

बर्ट खुर्चीवर बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या पोटात व्रण होता आणि डोक्यात जाहिरातदार. “हे बघ,” तो म्हणाला, “सोमवारी, एक जूनला, परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज जातोय. त्याला तुझा हा अहवाल जोडायचाय. वॉशिंग्टनच्या आयोगाचा माणूस येऊन हे वाचून गेला असेल, तर मी थांबणार नाही. कार्टूनचा अख्खा पट्टा काढतो. बातम्या लावतो आणि त्या रस काढायच्या यंत्राची अर्ध्या तासाची जाहिरात लावतो. ती कंपनी कधीपासून मागे लागलीय.”

“आणि रोलँड?”

“रोलँडला जाहिरातदार किती उरलेत?”

एकही उरला नव्हता.

“शुक्रवार संध्याकाळपर्यंत हा पेन्सिलवाला शोध,” बर्ट उठत म्हणाला. “तो निरुपद्रवी निघाला तर तुझा पट्टा राहील. नाहीतर पट्ट्याचा पत्ता कट. आणि मग शनिवारी सकाळी तू झोपून राहायला मोकळा.”

शनिवारी सकाळी झोपून राहण्याची कल्पना मी एकदा करून पाहिली. अंथरुणात पडलो आहे, सात वाजले आहेत आणि बोटाखाली काहीच नाही. मी ताबडतोब तपासाला लागलो.

माझा पहिला निष्कर्ष असा होता की पेन्सिल सरकारी आहे. शिशाचा रंग, टोकाचा बोथटपणा आणि कागदावरचा दाब यांवरून मी ती पिवळी, दोन नंबरच्या शिशाची असल्याचे सिद्ध केले. सरकारी कचेऱ्यांत दोन नंबरच्याच पिवळ्या पेन्सिली असतात. हा पुरावा मी ग्लेनिसला दाखवला.

“छान,” ती म्हणाली. “तुझ्या कानामागे कुठली आहे?”

मी कानामागे हात नेला. पिवळी. दोन नंबर.

“म्हणजे शेरे मीच मारले असण्याची शक्यता आपण नाकारू शकत नाही,” मी म्हणालो.

“तू मारले असतेस तर ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द चुकला असता,” ग्लेनिस म्हणाली आणि फोन उचलायला वळली.

त्या संध्याकाळी मी ‘मला भेट’ या आज्ञेचे पालन करायचे ठरवले. गुन्हेगाराने ठिकाण सांगितले नव्हते, अर्थात ते मी ओळखावे अशी त्याची अपेक्षा होती. सुज्ञ गुन्हेगार शहराच्या मध्यभागी भेटतो, असे पाचव्या धड्यात म्हटले आहे. मी न्यायालयाच्या घड्याळाखाली कोटाच्या खिशात पिवळी पेन्सिल ठळक दिसेल अशी खोचून सव्वापाच ते साडेसहा उभा राहिलो. या अवधीत तिघांनी मला मतदारनोंदणी करणारा समजून आपले पत्ते दिले आणि एका पोलिसाने विचारले, “ऑर्व्हिल, घरची किल्ली पुन्हा विसरलास का?”

दुसरा निष्कर्ष जास्त भक्कम होता. शेऱ्यांमधली नैतिक तळमळ पाहता हे काम मेथडिस्ट चर्चच्या माता मंडळाचे असणार. या मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती फर्न डिटवायलर यांनी मागच्याच वर्षी किराणा दुकानातल्या च्युइंगमविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळ्यांचे एकत्र जेवण असते. घरून जो तो भाजलेल्या पदार्थाचे एकेक भांडे घेऊन येतो. मी दुकानातून विकत आणलेली बटाट्याची कोशिंबीर घरच्या भांड्यात काढून नेली आणि हस्ताक्षराचे नमुने मिळवण्यासाठी दाराशी एक कागद ठेवला. त्यावर लिहिले होते, “आपल्याला कोशिंबीर कशी वाटली? कृपया पेन्सिलीने लिहा.”

सतरा बायकांनी लिहिले. सोळा जणींनी लिहिले की ही कोशिंबीर किराणा दुकानातली आहे. सतराव्या श्रीमती डिटवायलर स्वतः. त्या कागद हातात घेऊनच माझ्याकडे आल्या.

“मिस्टर स्टोल्झ, तुम्हाला काय हवंय?”

मी थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिले. हा आठव्या धड्यातला उपाय. “सार्जंट बटाट्याविषयी तुमचं मत काय?”

“यात अंडं कमी आहे,” त्या म्हणाल्या.

“मी कार्टूनविषयी विचारतोय.”

“आमच्याकडे टीव्ही नाही. सत्याहत्तर साली मिस्टर डिटवायलर त्याच्यावर बसले. पण तुम्ही एवढे एकटे असाल, तर दर बुधवारी येत चला. भांडं नाही आणलं तरी चालेल.”

मी मान खाली घालून तीन प्रकारचे मक्याचे पदार्थ खाल्ले. तपासातल्या अपयशाची चव एवढी चांगली असते हे मला ठाऊक नव्हते.

गुरुवारी सकाळी माझ्याकडे एकच सिद्धान्त उरला होता आणि तो भीतिदायक होता. आमची प्रतिस्पर्धी वाहिनी रस्त्याच्या उजव्या बाजूला आहे. शेऱ्यांची अक्षरे उजवीकडे झुकलेली आहेत. शिवाय दर गुरुवारी तपकिरी टोपी घातलेला एक माणूस आमच्या स्वागतकक्षात येतो, कोणाशी बोलत नाही आणि जाताना एक जड पिशवी घेऊन जातो. मी धापा टाकत ग्लेनिसकडे गेलो.

“तपकिरी टोपी! तो कोण आहे?”

“ड्वेन. पेयांच्या यंत्रातली नाणी काढायला येतो.”

“तो तसं सांगतो.”

“त्याच्या पाठीवर तसं लिहिलंय, ऑर्व्हिल.” तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षांत मी तिला असे फार तर चार वेळा करताना पाहिले होते. “तू परवापासून गावभर हिंडतोयस. कोर्टाच्या घड्याळाखाली उभा राहिलास. बायकांना कोशिंबिरीवर निबंध लिहायला लावलास. एक गोष्ट मात्र केली नाहीस.”

“कोणती?”

“फाइल माझ्याकडे असते. मला विचारलं नाहीस.”

मी तिच्या टेबलावर वाकलो. मग म्हणालो, “ग्लेनिस, फाइल कोण मागतं?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“का?”

तिने खणातून माझे परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवले आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवले. “अगदी कोणालाही.”

“पण ते मीच लिहिलंय!”

“म्हणून तर पाळतेय. तुझं लिहिलेलं पाळणारं दुसरं आहे कोण?” मग तिला माझी कीव आली असावी. “तुला शाळेत कागदाखाली कधी ‘मला भेट’ असा शेरा मिळाला नाही?”

“मिळायचा. दर आठवड्याला.”

“मग काय करायचास?”

“भेटायला जात नसे.”

“तरीच,” ग्लेनिस म्हणाली. “आज साडेतीनला त्या खुर्चीत येऊन बस. मी तुला काहीही सांगितलेलं नाही.”

साडेतीनला मी स्वागतकक्षातल्या खुर्चीत बसलो. तिथे वाचायला मागुरमाशांच्या शिकारीवरची दोन मासिके होती. त्यांतले एक मी तोंडासमोर धरले. तीन छत्तीसला ड्वेन आला आणि नाणी घेऊन गेला. तीन एकेचाळीसला सत्तरीच्या आसपासच्या एक बाई आल्या. अंगावर निळा कोट, हातात कापडी पिशवी. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. संशयितावर पाळत ठेवताना सामान्य नागरिकांचे सहकार्य घ्यावे, असे अकराव्या धड्यात आहे. मी मासिकाआडून कुजबुजलो, “बाई, कृपया दाराकडे लक्ष ठेवा. एक धोकादायक माणूस येणार आहे.”

“कसा दिसतो?” त्यांनीही हळू आवाजात विचारले.

“ते अजून ठाऊक नाही. पण त्याच्याकडे पेन्सिल असेल.”

त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली. “अशी?”

“अगदी अशीच,” मी म्हणालो. “ती आत ठेवा, नाहीतर उगाच गैरसमज होईल.”

त्याच वेळी ग्लेनिस टेबलामागून उठली, फाइल घेऊन आली आणि एक अक्षरही न बोलता तिने ती बाईंच्या मांडीवर ठेवली. जाता जाता तिने माझ्याकडे जे पाहिले ते मी येथे वर्णन करणार नाही.

बाईंनी फाइल उघडली. “अजून तोच अहवाल,” त्या पुटपुटल्या. “सुधारलेला नाही.” मग त्यांनी माझ्या शर्टावरची नावाची पट्टी वाचली. “अच्छा. ऑ. स्टोल्झ. ऑ म्हणजे काय?”

“ऑर्व्हिल.”

“मग पूर्ण लिहावं. नाव लपवणारा मुलगा उत्तरही लपवतो. तू भेटायला आला नाहीस.”

“कुठे यायचं ते लिहिलं नव्हतं.”

“टेबलापाशी. आणखी कुठे?”

त्यांचे नाव मिस लिओना अ‍ॅमस्टट्झ. काउंटीच्या पलीकडच्या टोकाला एका शाळेत त्यांनी अडतीस वर्षे तिसरीचा वर्ग शिकवला होता. त्यांची बहीण आमच्यामागच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. दर गुरुवारी तिला भेटून त्या चार दहाची बस पकडत. थांब्यावरचे बाक फेब्रुवारीत रंगवायला म्हणून नेले ते परत आले नव्हते, म्हणून त्या आमच्याकडे येऊन बसू लागल्या. मागुरमाशांची दोन्ही मासिके त्यांची पहिल्याच गुरुवारी वाचून झाली. दुसऱ्या गुरुवारी भिंतीवरची पाटी दिसली, की येथे सार्वजनिक फाइल वाचायला मिळेल. एवढेच. वॉशिंग्टन नव्हते, कट नव्हता. रंगाऱ्याने एक बाक परत आणले नव्हते.

“पण शेरे कशासाठी?” मी विचारले.

“मुद्दाम नाही रे. लिहिलेला कागद हातात आला की पेन्सिल आपोआप बाहेर येते. काल औषधाच्या बाटलीवरची सूचना दुरुस्त केली.”

मी मासिक बाजूला ठेवले. “मिस अ‍ॅमस्टट्झ, तुम्ही तक्रार करणार आहात का? कार्टून काही शिकवत नाहीत म्हणून?”

“कोणाकडे?”

“वॉशिंग्टनला.”

“वॉशिंग्टनचा काय संबंध? गृहपाठ तुझा आहे.”

“पण तुम्हाला ती बंद व्हायला हवी आहेत.”

“असं कुठल्या शेऱ्यात लिहिलंय? दाखव.” त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. मला दाखवता येईना. “तुझे अहवाल वाचल्यावर मी खात्री करायला म्हणून तीन शनिवार सगळी कार्टून पाहिली. कचऱ्याची विल्हेवाट शोधत बसले. तो रॅकून डब्याचं झाकण डोक्यावर घालून कर्नलच्या लग्नात शिरतो, तिथे माझा चहा सांडला, एवढी हसले. पण विल्हेवाट काही दिसली नाही.”

“ते शोधायला जरा सराव लागतो,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. “अडतीस वर्षं मी त्यांना सोमवार ते शुक्रवार शिकवलं. शुक्रवारी दुपारी ती एवढी थकलेली असायची की तुला सांगते, मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. उद्या सकाळी त्यांना कोणी काही शिकवणार नाहीये, एवढ्याच विचाराने मी शाळेला कुलूप लावायचे. सोमवारी सगळी एकदम सांगायची, काय झालं, कोण पडलं, कोणाच्या डोक्यावर. ज्या पोराच्या तोंडून आठवडाभर शब्द फुटायचा नाही, तेही हात वर करायचं. दहा मिनिटं मी फळ्याकडे वळायचे नाही. आणि तू त्या रॅकूनला नगरपालिकेत नोकरीला लावून मोकळा झालास!”

मला वाटते, त्या क्षणापूर्वी माझ्या अहवालांची कोणी एवढी गंभीर दखल घेतली नव्हती. मीही नाही.

“मग काय लिहू?” मी विचारले.

“मी उत्तरं सांगत नाही,” मिस अ‍ॅमस्टट्झ म्हणाल्या. त्यांनी काचेतून रस्त्याकडे पाहिले आणि उठल्या. “बस आली.”

शुक्रवारी सकाळी मी बर्टला सगळा तपास सांगितला. घड्याळाखालचा भाग वगळला. तो इतका खूश झाला की त्याने पोटावरचा हात काढला.

“म्हणजे एक निवृत्त बाई! बसची वाट बघणारी! ऑर्व्हिल, तू सुटलास. नवी प्रत टाइप कर, शेऱ्यांशिवाय. तोच मजकूर. संध्याकाळी मी सही करतो, सोमवारी अर्ज जातो, तुझा पट्टा चारही तास शाबूत.”

मी माझ्या खोलीत जाऊन टाइपरायटरमध्ये कागद चढवला. मला जे हवे होते ते मिळाले होते. रोलँड, सार्जंट बटाटा, न्हावी, सगळे वाचले होते. फक्त पूर्वी लिहिलेली वाक्ये पुन्हा लिहायची होती. मी लिहिले, “रॅकून रोलँड. शैक्षणिक उद्दिष्ट.” आणि तिथे बोटे थांबली. कचऱ्याची विल्हेवाट हे शब्द माझ्या हातून उमटेनात. तेवीस वर्षे मी ज्याच्यासाठी पहाटे उठलो, ते काहीतरी दुसरेच आहे असे सांगितल्याशिवाय जगू शकत नसेल, तर मी वाचवत होतो तरी काय?

दुपारी मी नवा अहवाल बर्टच्या टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला. मग चष्मा लावून पुन्हा वाचला. प्रत्येक कार्यक्रमापुढे शैक्षणिक उद्दिष्टाच्या रकान्यात एकच शब्द होता: “नाही.” रोलँडपुढे त्याच्या जोडीला दोन शब्द अधिक होते: “मुले हसतात.” खाली सही होती, ऑर्व्हिल स्टोल्झ.

“हे वाचून आयोगातले लोक हसतील,” बर्ट म्हणाला.

“मग मुलांपाठोपाठ तेही.”

“मी चेष्टा करत नाहीये. कार्टूनमध्ये शिक्षण नाही असं आपणच लिहून दिलं, तर खरं शिक्षण दाखवावं लागेल. निदान एक तास. जनावरांचा डॉक्टर आणि विज्ञानाचे प्रयोग, अशा फिती मिळतात. उद्यापासूनच सुरू करायला हव्यात, म्हणजे अर्जात लिहिता येतील. आणि एकदा एक तास गेला की ते रसवाले दुसरा मागायला येतील. मी त्यांना किती दिवस नाही म्हणणार?” त्याने कागद माझ्याकडे वळवला. “मी तुला वाट दिली होती, ऑर्व्हिल. अजून देतोय.”

“माहीत आहे, बर्ट. थँक यू.”

“कुठला तास काढायचा?”

“सातचा.”

“सात म्हणजे रोलँड.”

“बाकीच्यांना थोडे तरी जाहिरातदार आहेत. त्यांना काढलं तर अख्खा पट्टा पडेल.”

बर्टने पेन उघडले, अर्जावर सही केली आणि अहवाल त्याला टाचला. “डॉक्टरची फीत पाचच्या आत मागवून घे,” तो खिडकीकडे पाहत म्हणाला. “क्लीव्हलंडहून रात्रीच्या गाडीने येईल.”

मी क्लीव्हलंडला फोन केला. मग अहवालाची एक प्रत ग्लेनिसकडे नेऊन दिली. तिने ती उभ्यानेच वाचली, फाइलमध्ये सर्वांत वर लावली आणि म्हणाली, “यंत्र दुरुस्त करणारा आला होता. कॉफी आहे.” मी ती घेतली. नियंत्रणकक्षात जाऊन उद्याच्या तक्त्यात सात ते आठ या ओळीवर रेघ ओढली आणि वर ‘जनावरांचा डॉक्टर, भाग १ व २’ असे लिहिले. रोलँडच्या फिती कपाटाच्या मधल्या फळीवर होत्या, एकूण सव्वीस. त्या मी क्रमाने एका खोक्यात रचल्या, अकरावी आणि बारावी अदलाबदल झाली होती ती नीट लावली, खोक्यावर वितरकाचा पत्ता लिहिला आणि ते कुरिअरवाल्याला दिसेल असे दाराच्या आतल्या बाजूला ठेवले.